घरटं रीड-ओन्ली असतं

मार्च उजाडला की एक ठरावीक फोटो सगळीकडून अंगावर यायला लागतो. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, इन्स्टाग्राम, ऑफिसातला फोटोग्राफी क्लब... कुठेही जा, तो आहेच. वाटीएवढं घरटं, त्यातून वर आलेली तीन उघडी तोंडं, काठावर चोचीत अळी धरून उभी असलेली आई आणि मागे मऊ, हिरवं, धुरकट बॅकग्राउंड. खाली मथळा ‘आईची माया’. त्याच्याखाली पन्नास जणांचे जोडलेले हात, हृदयं आणि "सर, काय टायमिंग आहे!!"

मला या फोटोचा मनापासून राग येतो. का येतो ते आज सविस्तर सांगणार आहे. शनिवार आहे, रिलीज सोमवारवर ढकललंय, त्यामुळे वेळच वेळ आहे. ज्यांनी असा फोटो काढलाय त्यांनी वाईट वाटून घ्यायला हरकत नाही, त्यासाठीच लिहितोय.

आधी तो फोटो एकदा नीट बघा. पिल्लं सोडा, आजूबाजूला बघा. घरट्यासमोर एकही पान नाही. लेन्सपासून घरट्यापर्यंत सरळ, मोकळा, प्रकाशाने भरलेला रस्ता. आता बुलबुल बाल्कनीत घरटं करतो तेव्हा जागा कुठली निवडतो ते आठवा. बोगनवेलीची गच्च जाळी, मधुमालतीचा गुंता, मनीप्लँटच्या कुंडीचा मागचा कोपरा. म्हणजे तीन फुटांवरून कपडे वाळत घालणाऱ्या माणसालाही पत्ता लागू नये अशी जागा. मग ही सगळी पानं गेली कुठे? पानं आपोआप गळत नाहीत हो, आणि तीही नेमकी कॅमेऱ्याच्या बाजूचीच! कुणीतरी कात्री चालवली आहे.

फोटोग्राफर लोकांनी या प्रकाराला एक गोड नावही दिलंय. गार्डनिंग. म्हणजे घरट्यापुढची ‘अडचणीची’ पानं छाटायची, एखादी फांदी दोरीने मागे बांधायची, काम झालं की (लक्षात राहिलं तर) सोडायची.

आपल्या बाल्कनीतले नेहमीचे तीन भाडेकरू घेऊ. बुलबुल, शिंपी आणि शिंजीर. तिघांची बांधकामाची पद्धत वेगळी, पण स्पेसिफिकेशन एकच: दिसता कामा नये.

बुलबुलाची उघडी वाटी असते, म्हणून तिला पानांचं छत बाहेरून लागतं. शिंपी जिवंत पानं चोचीने टोचून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून शिवतो आणि त्या खिशात घरटं करतो. पान झाडावरच असतं, हिरवंच राहतं, त्यामुळे झाडात पान दिसतं, घर दिसत नाही. त्याची डहाळी तुम्ही मोडलीत की शिवलेलं पान सुकून आक्रसायला लागतं. शिंजिराची मादी तर कोळिष्टकं, सुकी पानं, सालींचे तुकडे असलं काहीबाही लावून लोंबती पिशवी बनवते. बघणाऱ्याला वाटावं की वाऱ्याने कचरा येऊन वेलीला अडकलाय. तुमच्या कामवाल्या मावशी एक दिवस केरसुणीने काढून टाकतील इतकं ते बेमालूम असतं. लाखो वर्षं घासूनपुसून तयार झालेली ही सिक्युरिटी तुम्ही नेलकटरच्या कात्रीने दोन मिनिटांत काढून टाकता. बॅकग्राउंड स्वच्छ यावं म्हणून!

ती पानं नेमकं काय काम करत होती? दोन कामं.

पहिलं, ऊन अडवत होती. या पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून निघतात ती आंधळी आणि उघडीनागडी. अंगावर पिसं नाहीत आणि स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळायची यंत्रणा पहिले काही दिवस चालू झालेली नाही. म्हणजे गार पडली की आईने बसायचं आणि तापली की सावलीने वाचवायचं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. पश्चिमेच्या बाल्कनीत तीन वाजता हात ठेवून बघा कठड्यावर. तिथे तुम्ही छत काढून घेतलंय आणि आई? ती तुम्ही स्टूल टाकून बसला आहात म्हणून समोरच्या केबलवर जीव तोडून ओरडते आहे. कॅप्शनमध्ये याला तुम्ही ‘किलबिल’ म्हणता.

दुसरं, नजर अडवत होती. कावळा, भारद्वाज आणि मांजर हे तिघं दिवसभर शोधाशोधच करत असतात. कावळ्याच्या हुशारीबद्दल मी काही सांगायला नको, त्यावर आपण लहानपणापासून गोष्टी ऐकतोय. माणूस एकाच कोपऱ्यात वारंवार का जातो, तिथे बुलबुल का कालवा करतोय, हे समोरच्या गुलमोहरावरून तो आरामात बघत असतो. तुम्ही गेलात की तो येतो.

आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन उन्हाळ्यांपूर्वी हे झालं. एका काकांच्या जाईच्या वेलात बुलबुलाने घरटं केलं. काका सज्जन, रिटायर्ड, नवीनच कॅमेरा घेतलेला. मंगळवारी ग्रुपवर फोटो आला: तीन पिल्लं, लख्ख उजेडात. बुधवारी आणखी सहा फोटो. बघायला मुलांची रांग. शुक्रवारी मेसेज: "घरटे रिकामे आहे, पिल्ले उडून गेली वाटते, गॉड ब्लेस देम." मी मंगळवारचा फोटो परत उघडून पाहिला. पिल्लांचे डोळे मिटलेले होते. बुलबुलाच्या पिल्लाला अंड्यातून निघाल्यापासून उडायला साधारण दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत उडून जायला ती काय ड्रोन होती? खाली पन्नास जोडलेले हात होतेच. मी ग्रुपवर हा हिशेब लिहिला, तर अ‍ॅडमिनने "कृपया निगेटिव्हिटी नको" असं उत्तर दिलं. त्या उत्तराचा राग अजून आहे.

आता नेहमीची कारणं एकेक करून घेऊ. ही मला इतक्यांदा ऐकवली गेली आहेत की पाठ झाली आहेत.

‘आई परत आली की! म्हणजे काही बिघडलं नाही.’ ती परत येणारच. घरटं बांधणं, अंडी उबवणं, भरवणं यात तिचे आठवडे गेलेत, ती सहजी सोडत नाही. ती परत आली यावरून ती सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही, ती हतबल आहे एवढंच होतं. आणि खरा धोका तुम्ही निघून गेल्यावर, उघड्या पडलेल्या घरट्याला असतो. तो तुमच्या मेमरी कार्डात कधीच येत नाही. सर्व्हरवरचं फायरवॉल बंद करून "बघा, साइट चालू आहे की" म्हणण्यातला हा प्रकार आहे.

‘माझी बाल्कनी, माझा वेल, मी पानं छाटीन नाहीतर झाड काढीन.’ झाड तुमचं, मान्य. घरटं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडा. कलम २ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात मारणं, पकडणं तर आहेच, पण पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्याच व्याख्येत बसवलंय. व्याख्येला तुमच्या हातात बंदूक आहे की पन्नास हजारांची लेन्स आहे याच्याशी कर्तव्य नाही. आता बाल्कनीत पोलीस येणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण स्वतःला ‘निसर्गप्रेमी’ म्हणवून घेताना कायदा आपल्याला काय म्हणतो, एवढं माहीत असलेलं बरं.

‘जुने मोठमोठे फोटोग्राफर घरट्यावरच फोटो काढायचे.’ हे कारण त्यातल्या त्यात विचार करण्यासारखं आहे. खरंच काढायचे. फिल्म मंद, लेन्स आखूड, फोकस हाताने. पक्षी परत परत हमखास येईल अशी जागा म्हणजे घरटं, त्यामुळे लपण उभारून तिथेच बसत. त्यांची ती अडचण होती. तुमच्याकडे चारशे मिलिमीटरची झूम आहे, सेकंदाला वीस फ्रेम आहेत, पक्ष्याचा डोळा आपणहून शोधणारा ऑटोफोकस आहे. अडचण गेली, सवय मात्र तशीच ठेवायची, हे कोणत्या हिशेबात बसतं? शिवाय भारतातल्या काही जाणत्या निसर्ग-छायाचित्रण मंचांनी घरट्यांचे फोटो घेणंच बंद केलंय, ते उगाच नाही.

‘मग काय, फोटोच काढायचे नाहीत का?’ काढा ना! मी स्वतः दर शनिवार-रविवार बाल्कनीतच पडीक असतो. पण त्याआधी दुसऱ्या एका टोळीचा समाचार घ्यायचा आहे. मॅक्रोवाले.

यांचं अस्त्र म्हणजे फ्रीज. फुलपाखरू, चतुर, नाकतोडा, जे सापडेल ते डबीत घालून गार करायला ठेवायचं. कीटकांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, त्यामुळे गार पडल्यावर स्नायू चालेनासे होतात. मग तो ‘शांत’ बसतो. बाहेर काढून फुलावर ठेवायचा आणि शूट करायचं. बाहेरची दमट हवा त्या गार अंगाला लागली की त्यावर बारीक थेंब जमतात. म्हणजे ‘पहाटेचं दव’ फुकटात! नाहीतर आहेच स्प्रे बॉटल, पाण्यात ग्लिसरीन मिसळून, थेंब टपोरे आणि टिकाऊ यावेत म्हणून.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. दव पडतं कधी? निरभ्र रात्री पान आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे फेकतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतं आणि मग हवेतली वाफ त्यावर जमते. तुमच्या बाल्कनीच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. पानाला आकाश दिसतच नाही, दिसतो तो उबदार सिमेंटचा स्लॅब. म्हणून स्लॅबखालच्या कुंडीवर दव पडणं जवळपास अशक्य. आणि तुम्ही म्हणता, एप्रिलच्या कोरड्या हवेत, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, सकाळी साडेदहाच्या उन्हात पडलं! च्यायला, हवामान खात्याला कळवा.

एक स्पष्ट करतो, नाहीतर लोक म्हणतील हा प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतो. नुसत्या फुलाच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. जास्वंद तुमची, गोकर्ण तुमचा. तोडा, मागे काळा कागद लावा, पाणी मारा, टॉर्च मारा, वाटल्यास गजरा करून त्याचा फोटो काढा. फुलाला त्याने इजा होत नाही (तोडलंच आहे म्हणा) आणि तो एक सुंदर स्टुडिओ फोटो होतो. फक्त खाली ‘पाणी मारलंय’ एवढं लिहा. ‘पहाटेचं दव’ लिहू नका. कीटक आणि पक्षी यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना जीव गमवावा लागतो. लक्ष्मणरेषा तिथे आहे.

खोटेपणा काही आपल्या गल्लीपुरता नाही. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ चा पहिला नंबर फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, भाड्याने मिळणारा असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला आणि जानेवारी २०१० मध्ये फोटो बाद झाला. त्याच स्पर्धेत २०१७ साली बक्षीस मिळालेल्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता दिसली, तोही २०१८ मध्ये बाद केला. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले, पण बक्षिसं परत मिळाली नाहीत. तिथे निदान परीक्षक आणि तज्ज्ञ आहेत. तुमच्या बाल्कनीवर कोण बसलंय? कुणीच नाही. ताडोब्यात गाइड असतो, नियम असतात, जिप्सी रस्ता सोडत नाही. घरात सगळं तुमच्या मनावर. म्हणून तर घरच्या फोटोग्राफीत फोटोग्राफरची खरी परीक्षा होते असं माझं मत आहे.

आणि आज हे जास्त महत्त्वाचं का, ते ऐका. मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्याने आता अशी यंत्रं बनवली आहेत की "बुलबुल पिल्लांना भरवतोय, सकाळचा प्रकाश, धुरकट बॅकग्राउंड" एवढं टाइप केलं की दहा सेकंदांत तुमच्यापेक्षा देखणा फोटो समोर येतो. पिल्लं पाच हवीत तर पाच. देखणेपणाच्या शर्यतीत तुम्ही हरला आहात, विषय संपला. आता तुमच्या फोटोकडे एकच गोष्ट शिल्लक आहे जी त्या यंत्राकडे नाही: ही गोष्ट खरोखर, या तारखेला, या जागी, माझ्या डोळ्यांसमोर घडली. तीच तुम्ही फ्रीजमध्ये आणि कात्रीने घालवलीत, तर उरलं काय?

या एका गोष्टीची किंमत किती असते त्याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. साताऱ्यात जन्मलेला ई. एच. एटकेन हा मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला साहेब. बंगल्यातले उंदीर, पाली, कावळे, मुंग्या यांच्यावर त्याने ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक लिहिलं. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत तो होता. सालिम अली १९३० च्या सुमारास नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वस्ती होती. ती बसून बसून पाहिली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी लागतो, हा सगळा संसार त्यांनी तिथे नोंदवला. १९३१ मध्ये त्यावरचा लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. पासपोर्ट नाही, सफारी नाही. चिकाटी, घड्याळ आणि वही.

तुमच्याकडे वहीपेक्षा भारी गोष्ट आहे. तुमचा कॅमेरा प्रत्येक फोटोवर तारीख-वेळ ठोकतो. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी धूसर, वाकडा, पण खऱ्या तारखेचा आणि खऱ्या जागेचा फोटो नोंद म्हणून चालतो. फ्रीजमधला चकचकीत फोटो तिथे खोटी नोंद होऊन बसतो. आम्ही ऑफिसात बिघडलेल्या डेटाला काय शिव्या घालतो ते आठवा.

मग काढायचं काय? सांगतो, ज्याला कात्री लागत नाही असं.

कढीपत्त्याची एक कुंडी ठेवा आणि औषध मारू नका. लाइम बटरफ्लाय येऊन अंडी घालून जाईल. अळी सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून घाण वास सोडते (न डिवचताही तिचे फोटो छान येतात). अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभराची मालिका, तीही घरात. आमटीला चार पानं कमी पडतील, चालतंय.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या ठेवा. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या फिरणाऱ्या मधमाश्या येतात. त्यांचे नर संध्याकाळी एखाद्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. अंधार पडता पडता जा, हळू जा, हव्या तितक्या वेळ फोटो काढा. ते जागचे हलत नाहीत. फुलपाखरंही पहाटे गारव्यात पंख मिटून बसलेली असतात. फ्रीजवाल्यांना हवा असलेला ‘शांत’ कीटक निसर्ग रोज फुकट देतो. अट एकच, रविवारी साडेपाचला उठायचं.

शिंजिरासाठी जास्वंद. तो फुलात तोंड न घालता बाजूने देठाशी चोच खुपसून मध चोरतो, हे मला फोटो मोठा करून बघितल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं. खोलीतला दिवा बंद करा, पडद्याआड खुर्ची टाका, फोकस फुलावर लावून ठेवा. तुमची खोली हेच लपण. तो येईल तेव्हा येईल. तोवर चहा प्या.

आणि घरटं झालंच तर? खिडकीतून, आतूनच, जे पानांतून दिसेल तेवढं बघा. पक्षी चोचीत चारा घेऊन आत न जाता बाहेरच अडकून ओरडत असेल तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे सरका. त्या कोपऱ्यात दोरीवर कपडे महिनाभर घालू नका. ग्रुपवर फोटो टाकून शेजाऱ्यांना दर्शनाला बोलावू नका. सगळा संसार जेमतेम महिन्याचा असतो. आपल्याला त्या सिस्टीमचा रीड-ओन्ली अ‍ॅक्सेस मिळालाय, तोही बाईंनी आपली बाल्कनी निवडली म्हणून. त्यात एडिट करायला जाऊ नये.

सगळ्यात शेवटी, ज्यांच्या हातात कात्री नसते त्या पन्नास जणांसाठी. तुमच्या हृदयांसाठी आणि जोडलेल्या हातांसाठी हे सगळं चाललंय. पुढच्या वेळी असा फोटो आला की लाइक दाबू नका. त्याखाली एकच प्रश्न विचारा: "काका, समोरची पानं कुठे गेली?" नम्रपणे विचारा, पण विचारा. फार तर अ‍ॅडमिन निगेटिव्हिटी म्हणेल. म्हणू दे.